बाळंतिणीच्या खोलीतला वारा

पुणे, ९ जुलै २००२

दादा,

पत्राच्या माथ्यावर शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असतो, हे मला तूच शिकवलंस. पण गेल्या सहा वर्षांत माझं एकही पत्र तू फोडलं नाहीस म्हणे. मग नमस्कार कुणाला करायचा? तो बाकी ठेवते. हे पत्र वाचून संपवलंस तर तुझा.

वहिनींवर चिडू नकोस. त्यांनीच मला लपून कळवलं, की डिसेंबरात घरात पाळणा हलणार आहे. मी त्यांना अजून पाहिलेलंसुद्धा नाही. तुमच्या लग्नाची पत्रिका पोस्टात गहाळ झाली, असं मी इथे लोकांना सांगते आणि लोक सभ्यपणानं मान डोलावतात. पण अक्षर छान आहे त्यांचं, आणि मन त्याहून. मला फार आनंद झाला, दादा. खरंच झाला. पुढच्या दोन ओळी वाचेपर्यंत टिकला.

वहिनींना आई नाही, म्हणून सगळं आपल्याकडे जामसरलाच. बाळंतपण जव्हारच्या दवाखान्यात, हे ठीक. पण तिथून घरी आणल्यावर माजघरामागची तीच खोली. आईनं खोलीला आत्ताच चुना लावून घेतलाय, बाज नव्यानं विणायला टाकलीय आणि बाजेखालची शेगडी माळ्यावरून उतरवून, घासून ठेवलीय. तीच शेगडी!

नीताच्या बाराव्याला मी सगळ्या भावकीदेखत जे बोलले, ते मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाही. आपल्या धाकट्या बहिणीला आणि तिच्या पाच दिवसांच्या लेकराला भागीकाकीनं मारलं नाही, आईनं पेटवलेल्या शेगडीनं मारलं, असं मी म्हणाले. आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही. तू मला एस.टी.पर्यंत सोडायला आला नाहीस. आणि ज्या सुईणीनं आपल्या तिघांना या जगात ओढून आणलं, त्या भागीकाकीला भगतानं भुताळी ठरवलं, गावानं तिची भांडी रस्त्यावर फेकली, आणि ती मोखाड्याकडे पोशेऱ्याला, तिच्या माहेरी, जाऊन पडली. शेगडी मात्र माळ्यावर जपून ठेवली गेली. वा रे न्याय.

नुसतं ओरडून तुम्ही ऐकणार नाही, हे कळतं मला. तू गणिताचा मास्तर. म्हणून गणितातच बोलते.

माझं काम काय, हे तू कधी विचारलं नाहीस. आम्ही हवेचं गणित करतो. कारखान्याची भट्टी असते, बटाट्याचं शीतगृह असतं, त्यात हवा कशी फिरेल, ऊब कुठे साचेल, धूर कुठे कोंडेल, हे बांधायच्या आधी संगणकाला विचारायचं. खोलीचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात समीकरणं सोडवायची: हवेचा वेग, दाब, उष्णता, वायू. क्षणाक्षणाला, पुन्हा पुन्हा. एका रात्रीचं गणित पुरं करायला माझ्या टेबलावरच्या संगणकाला महिना लागेल. म्हणून आम्ही एक लबाडी करतो. हवेचा प्रवाह थोड्या वेळात एका वळणाला लागतो आणि मग फारसा बदलत नाही. ऊब आणि वायू मात्र सावकाश साचत राहतात. तर प्रवाहाची समीकरणं सरळ बंद करून टाकायची. वारा आहे त्या वळणावर थिजवायचा आणि फक्त वायूचं समीकरण पुढे चालवायचं. थिजवायचा म्हणजे थांबवायचा नव्हे हं, मास्तर. ओढ्याचं पाणी कुठून कसं वाहतं हे एकदा ठरवून टाकलं, की त्यात सोडलेलं पान कुठे जाईल एवढंच बघायचं उरतं, तसं. महिन्याचं काम दोन दिवसांत होतं. आमचे साहेबही खूश, गिऱ्हाईकही खूश.

ती खोली मी संगणकात घालणार आहे. लांबी, रुंदी, उंची, दार, बाज, शेगडी, सगळ्याचं माप पाठव. कोळशाच्या धगीतून जो वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. तो त्या रात्री किती साचला असेल, ते आकड्यांत दाखवते. मग तरी वहिनींना त्या खोलीत घालणार नाही ना?

उज्ज्वला


पुणे, १८ ऑगस्ट २००२

दादा,

मापाचा कागद मिळाला. पाकिटावर अक्षर वहिनींचं, पण आतला सात तुझा आहे, पोटात आडवी रेघ मारलेला. पट्टी घेऊन तू त्या खोलीत वाकला असशील, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी तो कागद बराच वेळ खाली ठेवला नाही.

खोली तशीच्या तशी उभी केली. भिंती विटांच्या, वरून सिमेंटचा गिलावा. तुला नोकरी लागली तेव्हा कारवीचा जुना कूड पाडून तू ही पक्की भिंत बांधलीस. नीताचं बाळंतपण तिच्याआड झालेलं पहिलंच. वर माळा, आणि डिसेंबर म्हणजे भाताचा पेंढा माळ्यावर गच्च, म्हणून कौलांतून वाट नाही. राहिलं दार. ते मी अर्धं उघडं धरलं. बाळाला बघायला मी दुसऱ्या दिवशी आले होते आणि परीक्षेसाठी लगेच परत फिरले. तेवढ्या वेळात ते दार मला धड मिटलेलं दिसलंच नाही. भागीकाकीच्या फेऱ्या चालायच्या ना! तिला घडीघडीला विडी लागायची. बाळापाशी ओढायची नाही म्हणून दारापुढच्या ओट्यावर जायची, परत यायची, पुन्हा जायची. आणि आई करवादायची, “किती आत-बाहेर करतेस गं, थंडी येते.”

माणसाला आमच्या गणितात माणूस म्हणत नाहीत. एक लांबट ठोकळा, अंगाइतका ऊबदार. नीताचा ठोकळा बाजेवर ठेवला. त्याच्या कुशीत दुसरा, छोटा ठेवायला हात धजेना. साहेब जेवायला गेले तेव्हा ठेवला.

वारा वळणाला लागेपर्यंत चालू दिला. मग त्याची समीकरणं बंद केली आणि वायू एकटा पुढे सोडला, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत. दादा, आता नीट वाच. वायू शेगडीतून निघतो, बाजेच्या कडेनं वर चढतो, माळ्याखालून दाराकडे सरकतो आणि बाहेर जातो. रात्रभर तेच. ठोकळ्यांभोवतीचा रंग शेवटपर्यंत निळा राहिला. निळा म्हणजे निर्धोक.

म्हणजे मी चुकले. आईला सांग, उज्ज्वला चुकली. तिच्या शेगडीनं काही केलेलं नाही. सहा वर्षं मी माझ्या आईला जे म्हणत आले ते खोटं होतं, आणि हे मला कुणी भगतानं नाही, माझ्याच गणितानं सांगितलं. खोली वापरा. वहिनींना शेक द्या, त्यांची कंबर सुखानं सरळ होऊ दे.

मग नीता गेली कशानं? मला माहीत नाही. ताप असेल, आतलं काही असेल. भागीकाकीचं नाव मात्र माझ्यापुढे घेऊ नकोस.

उत्तर पुन्हा तपासावं असं मनात आलं होतं. तपासलं नाही. मला घरी यायचंय, दादा. नागलीची भाकरी आणि तुझी कुरकुर, दोन्हीसाठी जीव तुटतोय.

एक विचित्र होतंय, सांगून टाकते. फाइल बंद करून मी घरी येते, स्वयंपाक करते, आणि मला वाटत राहतं की ती खोली तिकडे चालूच आहे. वारा त्याच वळणावर, शेगडी धगधगतेय, आणि नीता कूस बदलत नाही.

उज्ज्वला


पुणे, १२ सप्टेंबर २००२

दादा,

तुझं पत्र आलं! पोस्टमननं दिलं तेव्हा पाकीट फोडायच्या आधी मी दार लावून घेतलं, कुणी काढून घेईल की काय असं वाटून. “चि. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.” एवढं वाचूनच माझं पोट भरलं होतं. आई रडली, हे वाचलं. “दिवाळीला ये, आईनं कोंबडी राखून ठेवलीय,” हेही वाचलं. शिरपामाळावरून सूर्य बुडताना बघायला आपण सायकलवर डबलसीट जायचो आणि उतारावर तू मुद्दाम ब्रेक सोडायचास, ते तुला अजून आठवतं, हेसुद्धा वाचलं. किती हसले मी.

आणि मग पुढचं वाचलं. तुझेच शब्द उतरवते, कारण मला खात्री करून घ्यायचीय:

“आता तुझ्याच गणितानं सांगितलं की शेगडी नाही, म्हणजे कोण ते उघड आहे. मला तर तेव्हाच ठाऊक होतं. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लिहायला येते, त्याच्या आधी भुताळी आत शिरेल, असं भगत बोलला. खोलीत तिसरं माणूस नको, आईसुद्धा नको, आणि भागीची सावलीही पडू देऊ नका. म्हणून मी तिला ओट्यावर काढली, दार ओढून घेतलं, आणि खालच्या फटीत, कडांना, ओलं गोणपाट माझ्या हातानं ठासलं. मुंगी शिरली नसती. तरी त्या बयेनं डाव साधलाच.”

हे असंच झालं होतं का? गोणपाट ओलं होतं? सगळ्या कडांना? सहज विचारते. माझ्या गणितात दार उघडं आहे, म्हणून आपलं विचारलं. काही विशेष नाही.

बरं, वहिनींसाठी रबराच्या गरम पाण्याच्या पिशव्या पाठवतेय. पुण्यात हल्ली बाळंतिणींना त्यांनीच शेकतात. कोळशाची राख नको, काळं नको. शेगडी यंदा राहू दे. आईला पटव. दार वगैरे लावून घ्यायची गरज नाही, भगताला काय कळतं.

दिवाळीचं बघते. कामं फार आहेत.

उज्ज्वला


जव्हार, १९ ऑक्टोबर २००२

दादा,

तुझ्यापासून एका एस.टी.च्या अंतरावर बसून लिहितेय आणि घरी येत नाहीये. स्टँडवर सहलीची पोरं शिरपामाळाला निघालीत, त्यांचा गलका चाललाय. हे पत्र मी टाकणार नाही. टाकायचं नाही म्हणून खरं लिहिता येईल.

दार बंद करून गणित पुन्हा केलं. या वेळी लबाडी नाही, एकही समीकरण बंद नाही. वारा, दाब, ऊब, वायू, सगळं चालू. त्यासाठी ऑफिसातले तीन संगणक मी कसे अडवून ठेवले आणि साहेबांना काय थापा मारल्या, ते जाऊ दे. दार मिटताच खोलीतला वारा आपलं वळण सोडतो. बाहेर जायला वाट नसते, मग तो आतल्या आत फिरतो, शेगडीवरून वर आणि भिंतीवरून खाली, थेट बाजेवर. रंग निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा. मी उठून गेले. परत आले तेव्हा लाल होता, आणि आधी छोटा ठोकळा बुडाला होता.

पहिल्या खेपेला मी वारा थिजवला तो उघड्या दाराचा. मग दार मिटलं की नाही, हे विचारायची सोयच मी ठेवली नाही. समीकरण बंद, प्रश्न बंद. रात्रभर माझा थिजलेला वारा विष उचलून मिटलेल्या दारातून बाहेर नेत राहिला, आणि मी तुम्हांला लिहिलं, खोली वापरा.

नीताला पाहिलं होतंस ना सकाळी? मी दुपारी पोचले, तरी तिचे गाल गुलाबी होते. आई म्हणत होती, बघ, झोपलीय, काय तेज आलंय. बायका म्हणाल्या, भुताळीनं श्वास नेला, रंग ठेवला. तो रंग त्या वायूचा असतो, दादा. पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तक माझ्याकडे तेव्हाही होतं.

आज सकाळी पोशेऱ्याला जाऊन आले. भागीकाकीची झोपडी गावाच्या टोकाला आहे. मी हाक मारली तर तिनं आधी पदर डोळ्यांवर ओढला. मी समजले, उन्हानं असेल. नव्हे. समोरून एक बाई पोर काखेत घेऊन गेली तेव्हा काकीनं तोंडच भिंतीकडे केलं.

“उजू, तू कशाला आलीस? माज्याकड बघू नको, पोरी. मना डोळ्यांचा भरवसा नाय.”

“काकी, तू काही केलं नाहीस.”

“तुला काय म्हाईत? मी व्हती तठं. ओट्यावर बसली व्हती भायेर, दाराला पाठ लावून. पोर रडत व्हता. मना वाटला उठावा, दार उघडून बघावा. मास्तर बोलला व्हता, दाराला हात लावशील तर हात तोडीन. मंग पोर गप झाला. मी बोलली, बरा झाला, निजला. विडी लावली.” तिनं पदर आणखी खाली ओढला. “दाराखालून माजी सावली गेली आसल आत. लोक काय उगाच बोलतील?”

दादा, तिला पटलंय. सहा वर्षं ती स्वतःला भुताळी समजून जगतेय, एकाही लेकराकडे बघत नाहीये. तिला मी सगळं सांगितलं, वायू, दार, गोणपाट. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मंग मास्तराला सांगू नको गं ह्या. त्यो पोर हाय अजून. त्याच्यान नाय सोसायचा.”

तिच्या फेऱ्यांनी ते दार उघडत होतं. चार दिवस नीता आणि बाळ जगले ते त्या विडीच्या तल्लफेवर. पाचव्या दिवशी तिला बाहेर काढली आणि आत हलणारं कुणी उरलं नाही.

आता मी काय करू? तुला सांगितलं तर तुझी बहीण कुणाच्या हातानं गेली, ते तुला कळेल. नाही सांगितलं तर वहिनी डिसेंबरात त्याच खोलीत, आणि त्याही माझ्या सांगण्यावरून. पिशव्या पाठवून, लाडीगोडी लावून भागेल का? भागावं, अशी मी देवाला विनवणी करतेय. तुला परत मिळवून मला जेमतेम महिना झालाय रे.

(सही करत नाही.)


पुणे, १२ नोव्हेंबर २००२

दादा,

दिवाळीला आले नाही, म्हणून रागावलास. तरी फराळाचा डबा पाठवलास आणि आत चिठ्ठी: “पिशव्या मिळाल्या, आईनं शेजारच्या पोरांना खेळायला दिल्या. शेगडीशिवाय बाळंतीण म्हणजे काय, असं म्हणते. तू काळजी करू नकोस. मागच्या वेळी फट राहिली असणार, म्हणून यंदा सागवानी दार नवीन बसवून घेतलं, चौकटीला रबराची पट्टी मारून. पाचवीला भगत येणार आहे. या खेपेला भुताळीच काय, वारासुद्धा आत जायचा नाही.”

चकली छान झाली होती. चिठ्ठी वाचली आणि डबा बंद केला.

म्हणून आता लिहिते. ऑक्टोबरात जव्हारला बसून लिहिलेलं एक पत्र सोबत जोडलंय. ते आधी वाच आणि मग इथे ये.

वाचलंस?

मी ते वेगळ्या शब्दांत, मऊ करून लिहायचा खूप प्रयत्न केला. तुझ्या हाताचा उल्लेख गाळायचा, फक्त “दार बंद होतं” म्हणायचं, कुणी केलं ते मोकळं सोडायचं. दोन कागद फाडले. तू गणित शिकवतोस. एक पद गाळलेलं गणित तुझ्यापुढे ठेवलं, तर तू रात्र जागून ते पद शोधून काढशील, आणि शोधत बसशील तोवर ते सागवानी दार मिटलेलं असेल. मीही एक पद गाळूनच चुकले होते. दुसऱ्यांदा नाही करायची.

तुझ्या जागी कुणीही असता तर हेच केलं असतं, असं मी म्हणणार नाही. तुला ते आवडणार नाही आणि ते खरंही नाही. पण तू आपल्या बहिणीला वाचवायला ते गोणपाट ठासलंस. थंडी नको, दृष्ट नको, भुताळी नको. तुझ्याकडे होतं नव्हतं तेवढं प्रेम तू त्या फटीत कोंबलंस. हे मला माहीत आहे. नीतालाही माहीत असेल.

आईला हे सांगायचं की नाही, तू ठरव. भगताला मी स्वतः येऊन सांगीन, माझी जीभ त्यासाठीच देवानं तिखट केलीय.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पुन्हा सहा वर्षं, जन्मभर. पत्रं फोडू नकोस. फक्त त्या खोलीत शेगडी पेटवू नकोस, आणि दार मिटू नकोस. तुझ्या पाया पडते.

उज्ज्वला


पुणे, २ जानेवारी २००३

दादा,

चार दिवस तुझ्या घरात राहून आले आणि आपण दोघं मिळून चार वाक्यं बोललो नसू. “पाणी तापलंय.” “एस.टी. साडेसहाची आहे.” म्हणून पुन्हा पत्रच.

तुझं उत्तर आलं नाही तेव्हा मी समजले होते, गेला दादा. मग वहिनींची तार आली, मुलगी झाली, पाचवीला या. तारेतही त्यांनी ‘घाबरू नका’ हे शब्द पैसे मोजून घातले होते. मी तरीही घाबरतच आले. दारातून आत शिरताना आईनं माझ्याकडे पाहिलं, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, “वाळलीस.” सहा वर्षांनी माझ्या आईचा हा पहिला शब्द. मला पुरला.

मग मी मागे गेले. खोलीला दारच नव्हतं. नुसती चौकट, बिजागऱ्यांची भोकं उघडी. सागवानी दार तू गोठ्यात आडवं टाकलेलं पाहिलं, त्यावर कोंबड्या बसल्या होत्या. शेगडी कुठे गेली ते कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वहिनी बाजेवर, पायाशी रबरी पिशवी, तीही गळकी. आत चांगलीच थंडी होती. वहिनी मला पहिल्यांदाच पाहत होत्या आणि माझ्याकडे बघून हसल्या, जणू आम्ही एकाच शाळेत होतो.

तू वाळला आहेस. केस पिकलेत. तू कागदावर एक ओळही लिहिली नाहीस, पण शाळेतून रजा काढून पोशेऱ्याला तीनदा जाऊन आलास, हे मला वहिनींनीच सांगितलं. पहिल्या दोन खेपांना काकीनं दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी तू तिच्या ओट्यावर बसून राहिलास, दाराला पाठ लावून, अंधार पडेपर्यंत. तिथे काय बोलणं झालं, ते वहिनींनाही ठाऊक नाही. मला सांगू नकोस.

पाचवीला ती आली. खोलीत आली नाही, घरातही नाही. ओट्यावर बसली, तिथेच, डोळ्यांवर पदर. भगत अंगणापर्यंत येऊन, तिला बघून, आल्या पावली परत गेला, आणि तुझ्याकडे बघून गावातलं कुणी काही बोललं नाही. वहिनींनी पोरीला गुंडाळून बाहेर नेलं, काकीच्या मांडीवर ठेवलं. काकीनं हातानं तिचं डोकं चाचपलं, पाय चाचपले, टाळू दाबून पाहिली. पदर काढला नाही. “बरी हाय,” म्हणाली आणि पोर परत दिलं. मी वाट बघत होते, आता बघेल, आता बघेल. नाही बघितलं. पहाटेच्या गाडीनं ती गेलीसुद्धा. गणितानं तिला सोडवलं असेल, दादा, पण ती सुटली नाही. हे मला इथे बसून रोज टोचतं.

माझ्या संगणकात ती खोली अजून आहे. पुसायला गेले आणि पुसवली नाही. तुमच्याकडे यायला निघायच्या आधी एकदा सगळी समीकरणं चालू ठेवून, दार उघडं-बंद, उघडं-बंद करत गणित चालवलं, काकी विडीला उठते तसं. ठोकळे निळेच राहिले. ही फाइल मी कुणाला दाखवणार नाही. तिच्यात नीता सकाळी उठते.

पाचवीच्या रात्रीचं तेवढं लिहिते आणि थांबते, कारण मी जागी होते हे तुला माहीत नाही. मी आईजवळ माजघरात, ओट्याकडच्या दाराशी निजले होते. तू ओट्यावरून उठायचास, त्या बिनदाराच्या खोलीत जायचास, बाजेपाशी उभा राहायचास, परत बाहेर जायचास. पुन्हा यायचास. हातात काही नाही, काम काही नाही. नुसता हलत होतास. काकी ओट्यावर, तुला वाट देत पाय आखडून घेत होती. शेवटी आई झोपेतच करवादली, तिला काय आठवलं ते देव जाणे, “किती आत-बाहेर करतोस रे, थंडी येते.”

तू चौकटीत थांबलास. मला वाटलं, तू खाली बसतोस की काय. मग तू म्हणालास, “येऊ दे, आई,” आणि पुन्हा आत गेलास.

पहिल्या पत्रातला बाकी राहिलेला नमस्कार त्या पावलांना.

उज्ज्वला